गिधाडांचं रक्त आणि आपली घाई

(आहुपे येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, ते मुलांना वर्गाबाहेर काढून कड्यावर घेऊन जात आणि पाखरं ओळखायला लावत, असं इथल्या मंडळींकडून ऐकलं. त्या भरवशावर आज एक कोरडा वाटणारा विषय निवडला आहे. ‘शिकारी पक्ष्यांच्या रक्तातले परजीवी’ असं मी संयोजकांना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून जरा वेळाने ‘बरं बरं’ आलं. त्या ‘बरं बरं’चा अर्थ मला कळतो. गावात हिरड्याच्या भावावर, डिंभ्याच्या पाण्यावर किंवा बिबट्यावर बोलायला कोणी आलं तर लोक पुढे सरकून बसतात. रक्तातल्या किड्यांवर बोलणाऱ्यासाठी मागच्या रांगेतून उठून जायची सोय ठेवलेली बरी!

आहुप्याच्या कड्यावरून समोर गोरखगड आणि सिद्धगड दिसतात, खाली खोपिवली आणि मुरबाडकडचा मुलूख. ऊन तापलं की कोकणातून हवा वर चढते आणि तिच्यावर सर्पगरुड, मोरघार, शाहीन ससाणा पंखही न हलवता तरंगतात. तुम्हाला शिकारी पक्षी दिसतो तो असा. मी पेशाने जनावरांचा डॉक्टर. माझ्यासमोर तो येतो टॉवेलात गुंडाळलेला, डोळ्यांवर टोपी चढवलेला आणि बहुतेक वेळा कुठेतरी मोडलेला. त्यामुळे माझं त्याच्याशी नातं आकाशातलं नाही, काचपट्टीवरचं आहे.

ती काचपट्टी कशी तयार होते ते आधी सांगतो. शिक्र्याचा पंख उघडला की आतल्या बाजूला, कोपरापाशी, पातळ कातडीखाली निळसर शीर दिसते. पिसं ओल्या कापसाने बाजूला सारायची आणि बारीक सुईने टोचून एक थेंब घ्यायचा. थेंब काचेवर ठेवून दुसरी काच तिरकी धरायची आणि एका दमात पुढे ढकलायची. हात अडखळला की पट्टी वाया गेली. चांगली जमली तर शेवटाकडे रक्ताचा थर इतका पातळ होतो की पेशी एकमेकींपासून सुट्या पडतात. हवेत वाळवायची, मिथेनॉलमध्ये बुडवायची, मग जिम्साचा रंग. धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठी करून बघायची. एका पट्टीवर तास कसा जातो कळत नाही. मान मात्र धरते.

माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या पेशीत असतं. लंबगोल गुलाबी पेशी आणि मधोमध जांभळं केंद्रक, अशा पेशींचं शेत दिसतं. त्यात एखादी पेशी वेगळी निघते. केंद्रकाच्या एका अंगाने, त्याला वेढा घालू पाहणारा निळसर पट्टा, त्यात सोनेरी-काळसर कण. हा हिमोप्रोटियस. तो चिलटांमार्फत किंवा पिसांत घुसून राहणाऱ्या चपट्या माश्यांमार्फत येतो. पेशीत तसलेच कण आहेत, पण शिवाय परजीवीची तुकडे पडून वाढ चाललेली दिसली, तर तो प्लाझ्मोडियम, म्हणजे खरा मलेरिया, डासांनी आणलेला. तिसरा ल्युकोसायटोझून. त्याचा थाट निराळा. तो ज्या पेशीत शिरतो ती पेशी ओळखूच येत नाही. फुगते, काही वेळा दोन्ही टोकांना लांब शेपट्या फुटतात आणि केंद्रक कडेला ढकललं जातं. काळे कण त्याच्यात नसतात. त्याला वाहून आणते ती वाहत्या पाण्यात वाढणारी बारीक काळी माशी. ससाणे-घारींच्या कुळात ल्युकोसायटोझून टोडाय नावाचा प्रकार 1908 सालापासून माहीत आहे. घुबडांचा प्रकार वेगळा.

इथे दोन शंका नेहमी येतात, त्या आत्ताच मिटवतो. पक्ष्याचा मलेरिया माणसाला होत नाही. आपले परजीवी वेगळे, ते आणणारा ॲनॉफिलिस डासही वेगळा. पक्ष्यांचा मलेरिया प्रामुख्याने क्युलेक डास पसरवतात. दुसरी शंका अशी की शिक्र्याने आजारी चिमणी खाल्ली तर त्याला तो रोग लागतो का? नाही. हे परजीवी आधी किड्याच्या पोटात वाढतात, तिथून त्याच्या लाळेत येतात आणि चावल्यावरच पुढच्या पक्ष्यात शिरतात. गिधाडाचं पोट तर सडलेलं ढोर पचवतं. त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की आपल्याला आडवं पाडणारे कितीतरी जंतू तिथेच खलास होतात. पण डासाला पोटाशी काही देणंघेणं नाही. तो पिसं नसलेल्या मानेवर बसतो.

हे सगळं कळलं कसं, याचा मोठा भाग आपल्याच देशात घडला आणि तोही पक्ष्यांच्या जोरावर, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. रोनाल्ड रॉसचं नाव शाळेत येतं. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत, मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटात त्याला ते काळे कण दिसले. पण पुढचं कोडं सुटलं ते 1898 साली कलकत्त्यात आणि ते माणसांवर नाही. माणसाच्या मलेरियाचे रुग्ण तिथे त्याला पुरेसे मिळेनात, म्हणून तो चिमण्यांकडे वळला. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि चाव्यातून निरोगी चिमणीत उतरतो, हे त्याने त्या जुलै महिन्यात दाखवलं. महमद बक्श नावाचा त्याचा मदतनीस डास पाळायचा आणि पकडायचा. 1902 चं नोबेल रॉसला मिळालं. महमद बक्श तळटिपेत राहिला, चिमण्यांना तर तळटीपही नाही. रॉसच्या चिमण्यांवरच्या कामाच्या एकच वर्ष आधी, 1897 मध्ये, जॉन्स हॉपकिन्समधल्या मॅकॅलम नावाच्या तरुणाने कावळ्याच्या रक्तात या परजीवींचं नर-मादी मीलन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं होतं.

आणि आपला गोवा. बाणावलीत 1887 साली जन्मलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे संचालक झाले, पुढे पोर्तुगालच्या संसदेतही गेले. पण माझ्यासारख्याला ते आठवतात ते त्यांनी तपासलेल्या पक्ष्यांच्या रक्तपट्ट्यांमुळे. 1935 साली त्यांनी वर्णन केलेला हिमोप्रोटियस एलानी आजही शिकारी पक्ष्यांच्या परजीवींच्या यादीत त्यांच्या नावासह छापला जातो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पक्ष्यांच्या रक्तात काय आहे, याची सुरुवात एका कोकणी माणसाने नव्वद वर्षांपूर्वी केली. त्या तुलनेत घाटमाथ्यावर आपण फारच कमी काचा घासल्या. हे मी माझ्या धंद्यातल्या लोकांनाच ऐकवतो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परजीवी सापडला, पुढे काय? ज्याच्या रक्तात तो सापडला तो पक्षी त्यानेच आजारी आहे का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. रानातले कितीतरी शिकारी पक्षी हे ओझं अंगावर घेऊन उडतात, शिकार करतात, पिल्लं वाढवतात. संसर्ग झाल्यावर काही दिवस परजीवींची संख्या वाढते, मग शरीर तिला आवरतं आणि पुढे वर्षानुवर्षं थोडेसे परजीवी रक्तात रेंगाळत राहतात. हजारो वर्षांच्या सहवासाने आलेली ही तडजोड आहे.

ती मोडते कुठे? जिथे ओळख नवी आहे तिथे. जाइरफाल्कन हा उत्तर ध्रुवाकडचा मोठा ससाणा. त्याच्या मुलखात डासांचा मलेरिया जवळजवळ नाही. शौकिनांनी त्याला उष्ण देशांत आणून पाळलं की साध्या चिमण्यांच्या मलेरियाने तो मरतो. हवाई बेटांची गोष्ट तर याहून दुःखद. तिथे 1826 पर्यंत डासच नव्हते. एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते उतरले आणि पुढे मलेरियाने त्या बेटांवरचे कितीतरी गाणारे पक्षी संपवले. उरलेसुरले डोंगरात उंच, थंड हवेत टिकले, कारण डास तिथवर चढत नव्हते. आता हवा तापते आहे आणि डास वर सरकताहेत. 2023 पासून तिथे वोल्बाकिया हा जीवाणू अंगात असलेले नर डास सोडताहेत. त्यांच्याशी जुगलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत.

तडजोड मोडायची दुसरी वाट म्हणजे भूक आणि आपल्या कामाची तीच. फिनलंडमध्ये कोर्पिमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंगमालम नावाच्या लहान घुबडावर 1990 च्या दशकात काम केलं. हे घुबड रानउंदरांवर जगतं आणि तिथे उंदीर काही वर्षं भरपूर, काही वर्षं दुर्मीळ असतात. दुष्काळाच्या वर्षी ल्युकोसायटोझून असलेल्या माद्यांनी कमी अंडी घातली. तोच परजीवी आणि तीच घुबडं, पण पोट भरलेलं असताना ओझं जाणवत नव्हतं आणि उपाशीपोटी ते दिसू लागलं. म्हणून कुणी मला नुसतं विचारलं की हा परजीवी घातक आहे का, तर मी उलट विचारतो, पक्ष्याला खायला काय मिळतंय?

आता गिधाडांकडे वळतो. इथल्या वयस्क मंडळींनी गिधाडं पाहिली आहेत. डांगी गुरं डोंगरात चरायची, एखादं कड्यावरून पडायचं किंवा म्हातारपणाने मरायचं आणि ढोरफोडीच्या जागेवर घटकाभरात आकाशातून पाखरं उतरायची. सह्याद्रीच्या कड्यांत घरटी करणारं ते लांब चोचीचं गिधाड, झाडांवर घरटी करणारं पांढऱ्या पाठीचं. 1990 च्या दशकात ती दिसेनाशी झाली. भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी हे मोजमाप करून दाखवलं. पुढच्या मोजण्यांत 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटल्याचं आणि लांब चोचीची सुमारे 97 टक्के घटल्याचं निघालं.

तेव्हा संशय सगळ्यांवर होता. झाडावर मान खाली टाकून बसलेली गिधाडं दिसायची, दिवसचे दिवस तशीच आणि मग खाली पडायची. विषाणू, कीटकनाशक, जड धातू, परजीवी असं सगळं तपासलं गेलं. नवा संसर्गजन्य रोग आला असावा असं भल्याभल्यांना वाटत होतं आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं. देशभर एकाच जातीकुळातली पाखरं मरताहेत म्हटल्यावर साथीचाच विचार आधी येणार. शवविच्छेदनात मात्र एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसायची. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर युरिक ॲसिडचा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाली होती.

2004 साली लिंडसे ओक्स यांच्या गटाचा पाकिस्तानातल्या पंजाबवरचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेली 25 गिधाडं त्यांनी तपासली, 25 ही गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेली 13 तपासली, एकातही नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. डायक्लोफिनॅक टोचलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घातलं, ती तशीच मेली आणि तसाच पांढरा थर निघाला. गुरांच्या दुखण्यावरचं साधं, स्वस्त इंजेक्शन! माझ्या बॅगेतही ते असायचं, सगळ्यांच्याच असायचं. शंभर मेलेल्या जनावरांमागे एखाद्यात जरी ते उरलं असलं तरी गिधाडांचा असा ऱ्हास व्हायला पुरतं, असं पुढे गणिताने दिसलं. कारण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि एका ढोरावर अख्खा थवा जेवतो.

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीची गोष्ट ऐका. तिथले पशुवैद्यक डॉ. अजय पोहरकर, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले सहकारी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक शोधनिबंध छापला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्तात त्यांना प्लाझ्मोडियम सापडला होता आणि निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी प्रश्न विचारला होता, गिधाडं घटण्यामागे मलेरिया तर नाही?

वर्तमानपत्रांना प्रश्नचिन्ह छापायला आवडत नाही. औषध-कंपन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हा प्रश्न सोयीचा होता. मला या निबंधाविषयी आदर आहे आणि तो मी मुद्दाम इथे बोलून दाखवतो. जंगलातल्या तालुक्यात नोकरी करताना, आजारी गिधाड उचलून आणून त्याचं रक्त घेणं, पट्टी काढणं, नमुना हैदराबादला पोचवणं, हे काम करायला किती जण तयार होतात? महाराष्ट्रात रानटी गिधाडांच्या रक्तात डोकावून पाहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा. तिथल्या डॉक्टरला मलेरिया सुचणं स्वाभाविकच.

पण रक्तात परजीवी सापडला म्हणून त्यालाच मारेकरी ठरवणं म्हणजे चोरी झालेल्या घरात मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला खांबाला बांधण्यासारखं आहे. ओक्स यांच्या 25 आणि 13 मध्ये जे आहे, ते इथे हवं होतं. ठणठणीत गिधाडं तपासली तर त्यांच्यात किती जणांच्या रक्तात प्लाझ्मोडियम निघतो? मेलेल्यांत आणि जिवंतांत फरक आहे का? आणखी एक अडचण आहे. पीसीआर नावाची चाचणी परजीवीच्या डीएनएचा कणही पकडते, जिथे काचपट्टीवर काही दिसत नाही तिथेही. डासाने टोचलेले परजीवी चुकीच्या पक्ष्यात पोचले तर ते तिथे वाढत नाहीत, मरून जातात, पण तेवढ्या काळात चाचणी ‘आहे’ म्हणूनच सांगते. म्हणून पट्टी आणि चाचणी दोन्ही लागतात. माझं मत विचाराल तर मलेरिया हा गिधाडांच्या देशव्यापी ऱ्हासाचं कारण नाही. डायक्लोफिनॅकचा पुरावा पुरेसा आहे. पण आज प्रत्येक वसाहतीत मोजकी गिधाडं उरलेली असताना, अर्धपोटी गिधाडांना हे ओझं किती जड होतं, हा गडचिरोलीच्या निबंधातला प्रश्न मी अजून जिवंत मानतो. फिनलंडच्या घुबडांनी तेच शिकवलं आहे.

डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. 2023 मध्ये जनावरांसाठीचं किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक बंद झालं. गाय दुखणाइत झाली की ‘मेलोक्झिकॅम द्या’ असं सांगायला तुम्हाला डॉक्टर असण्याची गरज नाही. गिधाडाला ते चालतं, हे पक्कं तपासलेलं आहे.

आता आहुप्याविषयी. या कड्यासारखी जागा माझ्या कामासाठी शोधून सापडणार नाही आणि का ते सांगतो. चिलटं, काळ्या माश्या, डास ही सगळी नाजूक माणसं. वाऱ्यात त्यांना उडता येत नाही. उघड्या, वाऱ्याच्या कड्यावर किंवा समुद्रकाठच्या खडकांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तात परजीवी कमी सापडतात, असं जगात ठिकठिकाणी दिसलं आहे. कड्यापासून थोडं आत देवराईत शिरा. तिथे वारा पडलेला, पानांचा ओला थर, ढोलीत साचलेलं पाणी. पावसाळ्यात घोड नदीच्या उगमाकडचे ओहोळ दगडांवरून उड्या मारत वाहतात. काळ्या माशीच्या अळ्यांना अगदी तेच हवं असतं, खडकाला चिकटून राहायला वाहतं, हवेशीर पाणी. म्हणजे सर्पगरुड झाडीत घरटं करतो आणि शाहीन ससाणा कड्याच्या कपारीत. दोन पक्षी, मधलं अंतर एका हाकेचं, आणि रक्त मात्र दोन वेगळ्या मुलखांतलं असणार. लांब चोचीचं गिधाड कपारीत घरटं करतं तेही साधारण नोव्हेंबरपासून, पाऊस संपून गेल्यावर. त्याच्या पिल्लाची पहिली ओळख डासांशी नाही, कोरड्या वाऱ्याशी होते.

मग पाहायचं कसं? कड्यावर दोर लावून घरट्यात उतरून पिल्लांचं रक्त काढावं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते आत्ताच काढून टाका. हे सगळे पक्षी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, परवानगीशिवाय त्यांना हात लावणं गुन्हा आहे आणि घरट्याला त्रास दिला तर ते घरटं मोडलंच म्हणून समजा.

रक्त आपल्याकडे चालत येतं. संक्रांतीला मांजात अडकलेल्या घारी, नाशिक रस्त्यावर गाडीला धडकलेली घुबडं, विजेच्या तारेवर भाजलेले शिक्रे, कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले पिंगळे. हे पक्षी वनखात्यामार्फत उपचारांना येतात. लोक म्हणतात, जखमी पक्षी म्हणजे आजारी पक्षी, त्याच्यावरून रानाचं काय कळणार? माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. मांजाला पक्ष्याची तब्येत बघता येत नाही. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेली घार आज गळा कापून खाली पडते. तिच्या रक्तात किती परजीवी आहेत, ते म्हणजे निरोगी घारींत किती असतात याचा हिशेब. गडचिरोलीच्या निबंधाला जे हवं होतं, ते दर जानेवारीत आपल्या हातात पडतं आणि आपण ते कापसाने पुसून कचऱ्यात टाकतो. यात एक खोट आहे. जानेवारीत संसर्ग जुना आणि विरळ झालेला असतो, म्हणून मांजाच्या पट्ट्यांनी खरा आकडा कमीच दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये, डास-माश्यांच्या ऐन हंगामात, अपघाताने आलेल्या पक्ष्यांच्या पट्ट्या तेवढ्यासाठी वेगळ्या जपायला हव्यात.

शाळेतल्या मुलांनी विचारलं होतं, आम्ही काय करायचं? जखमी पक्षी दिसला तर त्याच्यावर फडकं टाका, खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका, हळद लावू नका आणि वनरक्षकाला फोन करा. कुठे सापडला, किती वाजता, जवळ ओढा होता का, विहीर होती का, हे कागदावर लिहून खोक्याबरोबर द्या. डॉक्टर रक्ताची पट्टी काढतील तेव्हा तीच माहिती काचेच्या खरखरीत टोकावर येईल. आणि तिथे आमच्या डॉक्टर मंडळींना एक विनंती, पेनाने लिहू नका. मिथेनॉलमध्ये शाई उडते आणि मग कपाटात नाव-गाव नसलेल्या काचा साठतात. शिसपेन्सिलीने लिहा.